उताऱ्याचे तात्पर्य
(शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सातवीतील मुलगा घरी आलेले पीकविम्याचे पत्रक आजोबांना घडाघडा वाचून दाखवितो. एकाही जोडाक्षरापाशी तो अडखळत नाही. वाचन संपल्यावर आजोबा विचारतात, "मग आता आपण करायचं काय?" यावर मुलगा तेच पत्रक पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागतो. असा प्रसंग अहिल्यानगर जिल्ह्यातील कोणत्याही वाडीवस्तीवर घडू शकेल. अर्जाची मुदत उलटून गेली तर त्या वाचनाचा घराला काय उपयोग?

हा दोष मुलाचा नव्हे. 'रिकाम्या जागा भरा', 'एका वाक्यात उत्तरे द्या' अशा प्रश्नांनी त्याची नजर सुटासुटा तपशील टिपण्यास सरावलेली असते. 'योग्य शीर्षक द्या' हा प्रश्न वास्तविक मर्माचा; परंतु त्याला एखाददुसरा गुण असतो आणि मार्गदर्शक पुस्तकात त्याचे उत्तर तयार असते. सारांशलेखनाचीही हीच गत. मूळ उताऱ्याच्या एकतृतीयांश शब्द झाले म्हणजे सारांश साधला, असा समज रूढ आहे. शब्द मोजले जातात, आशय तोलला जात नाही.

या जिल्ह्यातीलच माहितीवर बेतलेला एक उतारा घेऊ. 'अकोले तालुक्यातील भंडारदरा सह्याद्रीच्या कुशीत असून तेथे पाऊस विपुल पडतो. जिल्ह्याचा पूर्वेकडील मुलूख पर्जन्यछायेत मोडतो. भंडारदऱ्यास प्रवरा नदीवर बांधलेले धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी कालव्यांनी राहुरी, श्रीरामपूरकडे पोचले आणि तेथे उसाची लागवड वाढली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगर येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला.'

मध्यवर्ती कल्पना विचारली की काही मुले 'भंडारदरा धरण' असे सांगतील. तो विषय झाला, कल्पना नव्हे. विषय एका शब्दात मावतो. कल्पनेला क्रियापद लागते. काही मुले '१९२६' हे साल पकडतील, कारण अंक डोळ्यांत भरतात. काही 'विखे पाटील' म्हणतील, कारण नाव ओळखीचे असते. येथे शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. एकेक वाक्य झाकावे आणि उरलेला उतारा उभा राहतो का ते मुलांनाच पाहू द्यावे. साल झाकले तरी उतारा ढळत नाही. पाणी कालव्यांनी पोचल्याचे वाक्य झाकले, की वरचा पाऊस आणि खालचा कारखाना यांचा एकमेकांशी संबंधच उरत नाही. मग एखादा मुलगा आपल्या शब्दांत सांगेल : 'एका टोकाला पडणारा पाऊस धरणाने दुसऱ्या टोकाला नेला, म्हणून तिकडची शेती पालटली.' हे वाक्य उताऱ्यात कोठेही लिहिलेले नाही, ते वाचकाने घडवावयाचे असते. 'पहिले वाक्य म्हणजे मुख्य कल्पना' हा सोपा नियम येथेच फसतो.

ही विद्या परकी नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या प्रारंभीच ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे याची मीमांसकांची कसोटी सांगितली आहे. ग्रंथाचा आरंभ व शेवट पाहावा, पुनःपुन्हा काय आले ते पाहावे, नवे काय सांगितले, त्याचे फल काय, त्यासाठी कोणती उपपत्ती दिली हे पाहावे. आणि ओघात आलेली स्तुती किंवा दृष्टान्त, ज्यास अर्थवाद म्हणतात, तो बाजूला काढावा. यांतील अर्थवाद ओळखणे मुलांना सर्वांत कठीण जाते. उताऱ्यातील गोष्ट त्यांना आवडते व ती कशासाठी सांगितली हे निसटते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थांच्या शेतीविषयक पत्रिका, आरोग्य केंद्राची सूचना, ग्रामसभेची नोटीस हे साहित्य या सरावास पाठ्यपुस्तकाइतकेच उपयोगी आहे.

अधिकारीवर्गानेही आपल्या लेखनाकडे एकदा पाहावे. शासन निर्णयात आधी संदर्भ, मग प्रस्तावना आणि त्यानंतर प्रत्यक्ष निर्णय. नवख्या पंचायत सदस्याची दमछाक प्रस्तावनेतच होते. गावात लावावयाच्या सूचनेत तरी कोणी, काय, केव्हापर्यंत करावयाचे हे पहिल्या दोन ओळींत यावे. प्रस्तावना खाली गेली तरी कोणाचे बिघडत नाही.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत रुजविली. पडलेला पाऊस मोजावयाचा, माणसांना व जनावरांना लागणारे पाणी आधी बाजूला काढावयाचे आणि उरलेल्यावर पिके ठरवावयाची. असा ताळेबंद आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहावा आणि मुलांना एकच प्रश्न विचारावा : या सर्व आकड्यांवरून ग्रामसभेने यंदा काय ठरवावे? उत्तर एका वाक्यात हवे, आणि त्या वाक्यात एकही आकडा नको.