आकाशातून गावशिवाराचा शोध



संत्र्याच्या बागेसाठी जमीन तयार करताना शेतातील काळे दगड उचलून धुऱ्यावर टाकले जातात. ते सर्वच निरुपयोगी असतात असे नव्हे. पांढुर्णा-सौंसरच्या दक्षिणेस, नागपूर-काटोल मार्गावरील जुनापाणी येथे अशाच दगडांची सुमारे ३०० वर्तुळे नोंदली गेली आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील लोहयुगीन समाजाची ती दफनस्थळे होत. १९६१-६२ साली बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले.

जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्यास विखुरलेले दगड तेवढे दिसतात. संपूर्ण आकृती उंचावरूनच ध्यानात येते. इंग्लंडमधील स्टोनहेंजची छायाचित्रे १९०६ साली फुग्यातून घेण्यात आली. पुढे विमान आले आणि आता ते कार्य ड्रोन अल्प खर्चात करतो. तो एकाच भूभागाची परस्परांवर येणारी शेकडो छायाचित्रे घेतो. ती जोडून संगणक मोजमापासह नकाशा सिद्ध करतो. सकाळच्या तिरप्या उन्हात हातभर उंचवट्याचीही सावली पडते आणि बुजलेली तटबंदी प्रकट होते. मोहखेडजवळील देवगडसारख्या गोंड राजधानीच्या परिसरात झाडी दाट असेल, तेथे लेसर किरणांनी मोजणी करणारे लिडार यंत्र अधिक उपयोगी ठरते.

तथापि, ड्रोन केवळ जागा दाखवितो. तिचा काळ सांगत नाही. तो निर्णय मुख्यतः उत्खननाने होतो. ज्या जागेवर मुरुमाची खाण फिरली, तेथे शोधण्यासारखे काही उरत नाही; नांगरानेही अवशेषांची हानी होते.

स्वामित्व योजनेमुळे २०२० पासून ड्रोन ग्रामस्थांच्या परिचयाचा झाला आहे. परंतु त्या मोजणीचा विषय गावठाणातील घरे हा आहे. शिवारातील प्राचीन अवशेष तिच्या कक्षेत येत नाहीत. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा स्वतंत्र झाला. नव्या जिल्ह्याची दप्तरे आकार घेत असतानाच ही उणीव भरून काढणे इष्ट ठरेल.

यास्तव ग्रामस्थांनी दगडांचे वर्तुळ, जुनी विहीर अथवा खापरांचा थर आढळल्यास तो न हलविता तलाठी वा पटवारी यांना कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह अशा जागांची यादी करावी. अधिकाऱ्यांनी ती पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. संरक्षित स्मारकावर ड्रोन उडविण्यापूर्वी परवानगी घेणे आवश्यक आहे, याचेही भान असावे.

यंत्र आकाशातून पाहील. पण कोठे पाहावे, हे या मातीत राबणाराच सांगू शकेल.