नाणेघाटातला रांजण



हुरड्याचा विषय भर मे महिन्यात काढतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. व्याख्यानमाला वसंतात आणि हुरडा पौषात, याला माझा इलाज नाही.

सुरुवात जुन्नरपासून करू. कोकणातून नाणेघाट चढून वर आलात की एक भलामोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेनं देशावर यायचा आणि जकातीची नाणी या रांजणात पडायची, असं सांगतात. मला मौज वाटते ती त्याच्या जागेची. रांजण घाटमाथ्यावर आहे, बंदरात नाही; म्हणजे पैसा पडायचा तो इथं, देशावर.

आज जुन्नरचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारातून वीस-वीस किलोच्या क्रेटांत भरून मुंबईला जातो, पार परराज्यांतही जातो. 2023 च्या जुलैत शहरांत किलोला शंभरी ओलांडलेला हाच टोमॅटो सप्टेंबरात राज्यात ठिकठिकाणी रस्त्यावर ओतावा लागला. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम 2016 मध्ये झाला. बरंच झालं. पण शेतकऱ्याला भाव आजही आडत्याची पट्टी हातात पडते तेव्हाच कळतो. म्हणजे रांजण बंदरात गेला.

आता हुरडा. परवाच्या पौषात जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला एका शेतात आगटीभोवती बसलो होतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, बाहेर काढली की चटके सोसत तळहातावर चोळायची, फुंकर मारून पुण्याहून आलेल्या पाहुण्यांपुढे गरमागरम टाकायची. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मालकानं ज्वारी एकदम पेरली नव्हती. आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तुकडे पाडून पेरली होती, म्हणजे दर रविवारी कोवळं कणीस हाताशी. तीच ज्वारी वाळवून बाजारात नेली असती तर त्याला दर विचारावा लागला असता. इथं माणशी दर तो स्वतः सांगत होता.

सरकारनं 2018 मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, 2020 मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. कागद ठीक आहेत. मला भीती वाटते ती वेगळीच. शिवनेरी, लेण्याद्री, माळशेज पाहायला आलेल्या शहराला हवा आवडते, मग जमीन आवडते. दोन एकर विकून झाले की त्याच बांधावर तारेचं कुंपण पडतं आणि कालचा मालक फाटक उघडायला उभा राहतो. असे दोघेतिघे माझ्या ओळखीचे आहेत. पर्यटन त्यांच्याही गावात आलंच की!

आणखी एक गोष्ट त्या आगटीपाशी बसूनच कळली. पाहुणे हुरडा खाऊन उठतात ते पिठलं-भाकरीकडे वळतात. साठ भाकऱ्या, चुलीवरच्या. थापणारी घरची बाई, आणि माणशी दरात तिचा हिशेब कुठेच नाही. यंदा त्या बाईंनी मुलीकडून वहीत वेगळं पान पाडून घेतलं आणि भाकरीमागे आपला दर लिहवून घेतला. नवऱ्यानं आधी ते हसण्यावारी नेलं. पौष सरला तेव्हा ते पान भाकऱ्यांच्या हिशेबानं भरलं होतं.