मास्तरीण आणि गव्हर्नेस

गेल्या महिन्यातील गोष्ट. बंगळूरच्या आमच्या घरी माझी कन्या इंग्रजी शब्दसिद्धीचा अभ्यास करीत बसली होती. पाठ स्त्रीपुरुषसमतेचा, शब्दांना उपसर्ग आणि प्रत्यय लावून नवे शब्द साधावयाचे. 'मिसॉजिनी' हा शब्द तिने 'मिस्टेक', 'मिसयूज' यांच्या पंक्तीला बसविला होता. मी तो तेथून उठविला. 'मिसयूज'मधील 'मिस्' म्हणजे चुकीचे; 'मिसॉजिनी'तील ग्रीक असून त्याचा अर्थ द्वेष, आणि पुढील 'जिनी' म्हणजे स्त्री; 'गायनॅकॉलॉजी'त आहे तीच. स्त्रीद्वेषाला नुसती चूक म्हणून सोडून द्यावे, हे व्याकरणातही बसत नाही!

खाली जोड्या होत्या: 'ॲक्टर–ॲक्ट्रेस', 'होस्ट–होस्टेस' आणि मग 'गव्हर्नर–गव्हर्नेस'. येथे ती थांबली. थांबण्यासारखेच होते. 1962 साली श्रीमती विजयालक्ष्मी पंडित महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, त्या 'गव्हर्नर' म्हणून. 'गव्हर्नेस' म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकविणारी बाई. प्रत्यय एवढासा, पण राजभवनातून थेट पोरांच्या खोलीत आणून सोडतो. 'मास्टर' आणि 'मिस्ट्रेस' या जोडीतील स्त्रीची गत तर याहून वाईट झाली. ती येथे सांगत नाही.

इंग्रजीला हसण्यापूर्वी आपण आपला 'ईण' पाहावा. माझी आई खेड्यातील शाळेत तीस वर्षे शिकवीत होती. गाव तिला मास्तरीणबाई म्हणे. शेजारी हेडमास्तरांचे बिऱ्हाड होते. त्यांच्या पत्नीने शाळेचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता, परंतु त्याही मास्तरीणबाईच. पाटलाची बायको पाटलीण, तशी मास्तरांची बायको मास्तरीण. टपाल आले की पोस्टमन विचारी, “कोणत्या मास्तरीणबाई?” आई आतून सांगे, “शिकवणाऱ्या.”

सहीखाली ती 'शिक्षक' असे लिही. मी सहावीत असताना एका कागदावर पेन्सिलीने ते सुधारून 'शिक्षिका' केले. तिने खोडरबराने माझी सुधारणा पुसली आणि म्हणाली, “हुकमात शिक्षक लिहिलंय. पगार त्याचा मिळतो.” मला तेव्हा ते हट्टीपणाचे वाटले होते.

पुढे मी सरकारी नोकरीत शिरलो, तेव्हा 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे तेरावे कलम वाचले: पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो. सोय उत्तम, पण समावेश होणे आणि नाव असणे यांत फरक आहे. 2007 साली श्रीमती प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा 'पती' या पदाची चर्चा झालीच. शब्द मात्र तसाच राहिला, आणि माझ्या मते योग्य तेच झाले. तेथे 'पती' म्हणजे धनी, नवरा नव्हे.

शेजारची कानडी मंडळी आपल्या 'लेखिके'ला 'लेखकी' म्हणतात, 'अध्यक्षे'ला 'अध्यक्षे'च. प्रत्ययाची गरज त्यांनाही पडते. ज्यांना ती पडत नाही, असे शब्द आपल्याला फारसीने दिले आहेत. 'तहसीलदार आल्या' म्हणताना कोणाची जीभ अडत नाही. क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसीने 2021 मध्ये 'बॅट्समन' काढून 'बॅटर' केले. आपला 'फलंदाज' आधीपासूनच मोकळा होता. 'अंदाज' म्हणजे फेकणारा, तिरंदाजातला. फलंदाज फळी फेकीत नाही हे खरे, तरी शब्द रुळला. सांगलीच्या स्मृती मानधनाने 2024 साली बंगळूरच्या संघाला महिलांच्या प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा आमच्या घरात 'फलंदाज बाद झाली' असे सरळ म्हटले जात होते. लिंग क्रियापदाने सांगितले, पदाला हात लावला नाही.

आईची गोष्ट मी कन्येला सांगितली. तिने विचारले, “मग 'टीचर'मधला 'अर' हाही प्रत्ययच ना?” प्रत्ययच, पण तो करणाऱ्याचा आहे, करणारा कोण ते विचारीत नाही. तिने त्या रकान्यात 'टीचर' लिहिले आणि पुढे कंसात 'आजी'. 'गव्हर्नेस'ची जोडी मात्र खोडली नाही. परीक्षेत ती विचारतात, असे तिचे म्हणणे.