‘सारखे नाही’ म्हणजे काय?

बरोबरच्या चिन्हावर तिरपी रेघ मारली की ‘सारखे नाही’ असा अर्थ होतो, हे आपण शाळेत शिकलो. संगणकाच्या कळफलकावर ते चिन्ह नसते. म्हणून १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी रचलेल्या जावास्क्रिप्ट भाषेत, सी भाषेच्या वळणावर, आधी उद्गारचिन्ह व मग बरोबरचे चिन्ह देतात: !=. पुढे १९९९च्या प्रमाणित आवृत्तीत बरोबरची दोन चिन्हे असलेले !== हेही आले. आता एका ‘नाही’साठी दोन चिन्हे कशाला, असे तुम्ही विचाराल.

त्याचे असे आहे. पहिले चिन्ह जरा भिडस्त. एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला संख्या आली, तर ते मजकुराची संख्या करून घेते आणि मग दोहोंत फरक आहे का ते पाहते. दुसरे चिन्ह कडक. प्रकार निराळा, तर वस्तूही निराळी, असा त्याचा खाक्या.

हा भिडस्तपणा कुठे नडतो, ते पाहा. समजा, गुणांच्या तक्त्यात एका विद्यार्थ्यापुढे शून्य आहे. दुसरा आजारी असल्यामुळे परीक्षेला आलाच नाही, म्हणून त्याची चौकट कोरी. तुमच्याआमच्या लेखी या दोन गोष्टींत केवढे अंतर! पण ‘गुण != ०’ असे विचारलेत, की कोऱ्या मजकुराचे शून्य केले जाते आणि उत्तर येते, फरक नाही. आजारी मुलगा शून्य मिळवून नापास!

मग सगळीकडे कडक चिन्ह वापरले की झाले? तसेही नव्हे बरं का. चौकटीत टंकलेले शून्यसुद्धा मजकूर म्हणूनच येते. कडक चिन्ह त्यालाही शून्य या संख्येहून निराळे ठरवील. म्हणून क्रम पाळावा. आधी चौकट कोरी आहे का ते पाहावे, नसेल तर मजकुराची संख्या करावी, आणि मगच कडक चिन्हाने तुलना करावी. हा क्रम उलटला, तर कोऱ्या चौकटीचे पुन्हा शून्यच होऊन बसते.

तेव्हा ‘सारखे नाही’ असे लिहिण्यापूर्वी ‘कोणत्या बाबतीत?’ हे आपणच ठरवावे. ते काम चिन्हावर सोपवून चालत नाही.