विमानाचा नंबर वाचणारी माणसं

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत संविधान, शिक्षण, रोजगार असे भारदस्त विषय आहेत आणि त्यांच्या रांगेत माझा विषय 'विमानं बघणं'. जेवणानंतर झोप येऊ नये म्हणून संयोजकांनी मला उभं केलं असावं! पण या छंदाचा आपल्या नागरिक असण्याशी सरळ संबंध आहे, तेवढाच मी मांडणार आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कामानिमित्त परदेशी जावं लागतं. सुट्टीच्या दिवशी सहकारी खरेदीला जातात, मी कॅमेरा आणि खाण्याचा डबा घेऊन विमानतळाच्या कुंपणापाशी जातो. याला प्लेन स्पॉटिंग म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानाचा नोंदणी क्रमांक वाचायचा, वहीत लिहायचा, जमलं तर फोटो काढायचा. सुरुवातीच्या अक्षरांवरून देश कळतो. व्हीटी म्हणजे भारत, पीएच म्हणजे नेदरलँड्स, जी ब्रिटन, एन अमेरिका. विमान विकलं जातं, रंग बदलतो, नंबरही बदलतो. जगभरच्या हौशी लोकांच्या नोंदी एकत्र केल्या की एकेका विमानाचा सगळा इतिहास हाताशी येतो.

अॅमस्टरडॅमच्या स्खिफोल विमानतळावर पोल्डरबान नावाची ३,८०० मीटर लांबीची धावपट्टी आहे. ती २००३ मध्ये सुरू झाली. तिच्या कडेला बघ्यांसाठी जागा आहे. लोक सायकलवरून मुलंबाळं घेऊन येतात, थर्मास उघडतात, तासन् तास बसतात. मँचेस्टरला तर विमानतळानेच बघ्यांसाठी उद्यान केलं आहे. कुंपणावरून नीट दिसावं म्हणून मातीचे उंचवटे केलेत, शिवाय निवृत्त झालेलं एक काँकर्ड विमानही तिथे ठेवलं आहे. अशा ठिकाणी 'तुम्ही इथे काय करता?' असं विचारण्याची कुणाला गरजच पडत नाही.

पण सगळीकडे असं नसतं. माझं नाव, माझी दाढी आणि हातात लांबलचक लेन्स. अम्मी प्रत्येक वेळी बजावते, "लांबून बघ बेटा, फोटो नको काढूस." तिची भीती उगाच नाही. एका युरोपीय शहरात कुंपणापाशी आम्ही पाच जण उभे होतो. पोलिसांची गाडी थांबली आणि पासपोर्ट फक्त माझा मागितला. मी पासपोर्ट दिला, वही दाखवली. तेवढ्यात शेजारच्या निवृत्त आजोबांनी खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढून पुढे केलं. म्हणाले, "आम्ही दोघं एकच काम करतोय, माझंही बघा." मग बाकीच्या तिघांनीही आपापली ओळखपत्रं दाखवली. पाच मिनिटांत गाडी निघून गेली. त्या चौघांपैकी एकाशीही माझी आधीची ओळख नव्हती.

संशय फक्त आपल्याच वाट्याला येतो असंही नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे बारा ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटर्सना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. विमानांचे नंबर लिहिण्याचा छंद असू शकतो, हेच तिथल्या यंत्रणेला पटेना. एप्रिल २००२ मध्ये त्यांना शिक्षा झाली. काहींना तर तीन वर्षांची. नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले. यातला एकही जण मुसलमान नव्हता. जे आपल्याला कळत नाही ते धोकादायक, अशी समजूत एकदा झाली की ती कुणाच्याही मानेवर बसते.

आता मुळातला प्रश्न. विमानावर नंबर असतोच कशाला? १९४४ च्या शिकागो कराराचं विसावं कलम सांगतं की आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या प्रत्येक विमानावर त्याचं राष्ट्रीयत्व आणि नोंदणी यांची खूण असलीच पाहिजे. म्हणजे नंबर हे गुपित नाही. तो वाचता यावा म्हणूनच लिहिलेला असतो. आपल्याला जागोजागी नाव विचारलं जातं. इथे सरकारांनी आपल्या यंत्रांचं नाव उघड लिहायचं मान्य केलं आहे.

हे नाव वाचणारं कुणी असलं तर काय होतं, त्याचं एक उदाहरण देतो. खालिद अल-मस्री हे जर्मन नागरिक. ३१ डिसेंबर २००३ रोजी मॅसिडोनियाच्या सीमेवर त्यांना बसमधून उतरवलं. एका संशयिताच्या नावाशी त्यांचं नाव जुळत होतं, एवढाच त्यांचा अपराध. २३ दिवस हॉटेलात कोंडलं, मग सीआयएच्या ताब्यात दिलं आणि विमानाने अफगाणिस्तानात नेलं. मे २००४ मध्ये त्यांना अल्बेनियात आणून सोडून दिलं. घरी परतून त्यांनी हे सांगितलं तेव्हा विश्वास कोण ठेवणार? पण जानेवारी २००४ मध्ये स्पेनच्या पाल्मा विमानतळावर एका हौशी छायाचित्रकाराने एका बोइंग ७३७ चा फोटो काढला होता. नंबर, एन३१३पी. त्याला कुणाचं काही उघड करायचं नव्हतं. त्याने नेहमीसारखं एक विमान टिपलं होतं. पुढे पत्रकारांनी आणि तपास करणाऱ्यांनी अशा नोंदी उड्डाणांच्या कागदपत्रांशी ताडून पाहिल्या. हेच विमान २३ जानेवारीला पाल्माहून स्कोपियेला आणि तिथून बगदादमार्गे काबूलला गेलं होतं. १३ डिसेंबर २०१२ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एकमताने मॅसिडोनियाला दोषी ठरवलं आणि ६०,००० युरोंची भरपाई द्यायला लावली.

मित्रहो, त्या माणसाच्या बाजूने मोठमोठी भाषणं खूप झाली असतील. पण त्याच्या शब्दाला आधार मिळाला तो तारीख, ठिकाण आणि नंबर यांचा. आपण चळवळीतली माणसं अन्यायावर तळमळीने बोलतो, नोंद ठेवायला मात्र कंटाळतो. रेशन दुकानाचा फलक असो, शाळेची पटसंख्या असो की पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज असो, तारीख लिहा, पोच घ्या, फोटो ठेवा.

आणि हे सगळं नियमात राहून. आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांतला तेरावा नियम विमानतळावर परवानगीविना छायाचित्रणाला मनाई करत आला आहे. प्रवाशांना विमानात बसून फोटो काढता येतात, पण सुरक्षेला बाधा येईल असं काही करायचं नाही, असा खुलासा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२० मध्ये केला. पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तिथे मी कॅमेरा पिशवीतून काढतच नाही. परदेशात आधी तिथला नियम वाचतो, ठरवून दिलेल्या जागीच उभा राहतो, लष्करी विमानांचे आणि सुरक्षा रक्षकांचे फोटो काढत नाही, ओळखपत्र जवळ ठेवतो. कुणी विचारलं तर वही उघडून दाखवतो. लपवण्यासारखं काही नसेल तर लपल्यासारखं उभं राहू नये.

माझी मागणी छोटी आहे. मुंबईसारख्या विमानतळालगत बघ्यांसाठी एक जागा करा, तिथे काय चालेल आणि काय चालणार नाही याची पाटी लावा. कुर्ल्याच्या गच्च्यांवर आजही मुलं डोक्यावरून उतरणारी विमानं मोजत असतील. त्यांना दुर्बीण आणि वही मिळाली तर त्यातून वैमानिक होतील, इंजिनिअर होतील. निदान नीट बघून नीट लिहिणारे नागरिक तरी नक्की होतील.

शिबिर संपल्यावर ज्यांना वही बघायची असेल त्यांनी माझ्याकडे या.