खलनायकांचे शहर आणि प्रेक्षकांचा सौदा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



चित्रकथेवर बेतलेली मालिका हा अभ्यासवर्गाचा विषय कसा, असे आपणांपैकी काहींना वाटेल. नातवाच्या आग्रहाखातर मी ‘गॉथम’ पाहावयास बसलो, आणि माझ्यातील अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी जागा झाला. ही मालिका अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर २०१४ ते २०१९ या काळात, शंभर भागांत, दाखविली गेली. १९३९ मध्ये अवतरलेला बॅटमॅन येथे अद्याप शाळकरी पोर आहे; साहजिकच मैदान खलनायकांना मोकळे सापडते.

“हे मुलांसाठी आहे काय?” असा प्रश्न पालक विचारतात. चौदा वर्षांखालील मुलांबाबत सावध करणारी खूण मालिकेवर होती. पण पहिल्या पर्वात ती लागे सोमवारी रात्री आठला! जाहिरातींवर चालणाऱ्या प्रसारणात विकला जाणारा माल म्हणजे कार्यक्रम नव्हे, प्रेक्षक होय, असे डॅलस स्माइद या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच मांडले होते. अमेरिकन वाहिन्या जाहिरातदारांपुढे १८ ते ४९ या वयोगटाची मोजदाद ठेवीत आल्या. नाव पोरांच्या ओळखीचे आणि रक्तपात थोरांच्या चवीचा, ही भेसळ मला त्या सौद्याचेच अपत्य वाटते.

आता हिंसेकडे वळू. पहिल्या पर्वातील ‘आर्कम’ या भागात शहराच्या एका पडीक विभागाच्या पुनर्विकासाचा प्रश्न आहे. जमिनीवर दोन टोळ्यांचा डोळा आहे, नगरसेवकांचे खून पडतात आणि अखेरीस महापौर दोघांनाही वाटा देणारी तडजोड जाहीर करतात. एवढे नेमके राजकीय अर्थशास्त्र पाठ्यपुस्तकांतही क्वचित भेटते! परंतु लक्षात राहते ती मारेकऱ्याची सळई. त्या जमिनीवर उद्या ज्यांना राहावयाचे, ती माणसे कथेत जवळजवळ नाहीतच. हिंसा किती दाखविली यापेक्षा तिने काय झाकले, हा माझा आक्षेप आहे.

‘बलूनमॅन’ हा भाग अधिक अस्वस्थ करतो. एक इसम भ्रष्ट मातब्बरांना हवामानखात्याच्या फुग्यांना जखडून आकाशात सोडतो आणि लोक टाळ्या वाजवितात. हा मारेकरी मुलांसाठी काम करणारा समाजसेवक निघतो. वर्षानुवर्षे अर्ज, निवेदने, मोर्चे करून थकलेल्या माणसाला ती टाळी कोठून येते ते कळते. मला कळली, हे कबूल करतो. मात्र त्या टाळीत संघटनेला जागा नाही. तेथे एक माणूस करतो आणि उरलेले बघतात. मालकिणीवर छत्री धरणारा पेंग्विन पुढे, तिसऱ्या पर्वात, निवडणूक जिंकून महापौर होतो, तेव्हाही लोक बघ्यांच्याच भूमिकेत असतात.

मग बंदी मागावी काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाच्या ग्रंथाने अमेरिकेत चित्रकथांविरुद्ध रान पेटले, सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता लादून घेतली. तिच्यात रक्तपाताला आळा होता. त्याचबरोबर पोलीस, न्यायाधीश व सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे चित्रण करू नये, असेही कलम होते. त्या कलमाखाली सळई तर गेलीच असती, पण टोळ्यांशी जमिनीची वाटणी करणारा महापौरही गेला असता.