आज कोणाचा वार?



दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत ठरलेले फोटो येतात. हमालाचा मुलगा, धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी, पेढा भरवणारे आईबाप आणि खाली चार ओळी जिद्दीच्या. त्या मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. मला मात्र दर वेळी एक प्रश्न पडतो आणि तो बातमीत कधी नसतो. हे पोर आता कॉलेजसाठी शहरात जाणार. तिथे ते जेवणार कुठे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण गरिबाचं शिक्षण फीपेक्षा जेवणावरच जास्त अडलेलं आहे. फी माफ होऊ शकते. पुस्तक मागून आणता येतं, नाहीतर वाचनालयात बसून उतरवून काढता येतं. जेवण मात्र रोज दोनदा लागतं. आगरकरांच्या एकुलत्या एका सदऱ्याची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते, रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा. त्या सदऱ्यातलं पोट कोण भरत होतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचं जुनं उत्तर होतं वार लावून जेवण्याचं. कोकणातून, देशावरच्या खेड्यांतून मुलगा पुण्याला शिकायला यायचा. ओळखीपाळखीतून सात घरं गाठायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार लागले की राहिलेल्या गोष्टी जमवता यायच्या. सात घरं सगळ्यांनाच मिळत नसत. एखादा वार रिकामा राहायचा आणि तो दिवस पाण्यावर काढायचा. ज्यांना वार मिळत नसत ते माधुकरी मागत. झोळी घेऊन चार दारं फिरायचं, पडेल ते शिजलेलं अन्न एकत्र करायचं आणि शाळेच्या वेळेत परत यायचं. आमटी, भात, भाजी सगळं एकात एक. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेव्हा तिथली मुलंही माधुकरी मागून शिकत. आज ती संस्था पुणे विद्यार्थी गृह या नावाने ओळखली जाते.

या प्रथेबद्दल हळवं होऊन बोलायची पद्धत आहे. ‘पूर्वीची माणसं किती मोठ्या मनाची होती!’ होती, यात शंका नाही. पण वाराच्या मुलाचं पान कुठे मांडलं जायचं, त्याला दुसऱ्यांदा भात विचारला जायचा का, जेवण झाल्यावर त्याने दळण आणायचं की धाकट्याला पाढे शिकवायचे, हे घराघरावर अवलंबून असे. त्या काळची आत्मचरित्रं काढून पाहा. ज्या घरात ताटावर बसल्यावर टोमणा ऐकायला लागला, ते घर माणूस म्हातारपणीही विसरलेला नसतो. जिथे न मागता तूप पडलं, तेही घर त्याला पक्कं आठवतं. शिवाय ‘अमक्यांकडे वार होता’ असं लिहिताना नाव यजमानांचं येतं. चुलीपुढे बसून एका पानाचं जास्तीचं रांधणारी बाई बहुतेक वेळा ‘त्यांच्या मंडळी’ एवढ्यावरच राहते.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. वार आणि माधुकरी ही मुख्यतः ब्राह्मण मुलांची सोय होती. कुणब्याच्या पोराला पुण्यात वार कोण देणार? महार-मांगाच्या मुलाला तर दारातही उभं राहता येत नव्हतं. म्हणजे कॉलेजची दारं कायद्याने सगळ्यांना उघडी होती, पण ज्याला शहरात ताट मिळत होतं तोच आत जाऊ शकत होता.

हे ज्या राजाला नेमकं उमगलं तो कोल्हापूरचा. शाहू महाराजांनी आधी सर्वांसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं होतं. हळूहळू त्यात एकाच जातीची मुलं उरली. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग आलं. जातवार वसतिगृहांनी जात पक्की केली, अशी टीका आजही होते. मला ती अर्धीच पटते. ज्या काळात पंगतच जातीची होती, त्या काळात मुलाला आधी जेवू घालायचं की पंगत मोडेपर्यंत थांबायचं, हा त्या राजापुढचा रोखठोक सवाल होता. त्याने जेवू घातलं.

डॉ. आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला शिकायला गेले, तेव्हा त्यांना मदत करणाऱ्यांत शाहू महाराज होते. तिथेही अडचण ताटाचीच. चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिलं आहे, की दिवसभर ग्रंथालयात बसून आल्यावर रात्री भूक मारायला बाबासाहेब पापड भाजून खात आणि कपभर दूध पीत. पुढे त्यांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले. दिवसा नोकरी करून पोट भरणाऱ्या मुलाला शिकता आलं पाहिजे, हा त्यामागचा हिशेब होता. तो त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता साताऱ्याकडे येतो. या गोष्टीचा गाभा तिथे आहे.

भाऊराव पाटील हे कुंभोजला जन्मलेले, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, अशी हकिगत सांगतात. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काचेच्या कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरून विक्री केली. या फिरतीत त्यांना खेडं आतून दिसलं. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग उघडलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या पोरांची चूल एकच. १९२७ साली गांधीजी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं.

एका चुलीवर रांधायचं ठरवणं सोपं, ती रोज पेटती ठेवणं अवघड. मुष्टिफंड गोळा केला जाई. घराघरातून दळणाआधी बाजूला काढलेलं मूठभर धान्य, सुगीत शेतकऱ्याकडून ज्वारी-बाजरी. तरी कमी पडायचं. भाऊराव असेच फिरतीवर असताना बोर्डिंगातलं धान्य संपलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली, ही गोष्ट साताऱ्यात अजून सांगितली जाते. इतर दागिने त्याआधीच गेले होते. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई, सगळ्या जातींची पोरं घरात आल्यावर आधी बिचकली असणार, मग त्यांची आईच झाली. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेची महाविद्यालयं त्यांनी पाहिली नाहीत.

साताऱ्याने वाराच्या प्रथेत एक मूलभूत फरक केला. इथलं ताट उपकाराचं नव्हतं. मुलं स्वयंपाक करत, पाणी भरत, शेतात राबत, खडी फोडत, इमारतीच्या कामावर माती वाहत, आणि त्या कामाच्या मोबदल्यात शिकत. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज याच पायावर सुरू झालं: कमवा आणि शिका. सकाळी हातात कुदळ आणि दुपारी इंग्रजी कविता. त्या बोर्डिंगातलेच पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांनी महात्मा फुल्यांचं लेखन इंग्रजीत नेलं.

यात सगळं गोड होतं असं समजू नका. अंग मोडेपर्यंत काम केल्यावर पुस्तकावर डोळे मिटतात. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत त्याचे तेच तास अभ्यासाला मिळतात, म्हणजे गरीब मुलगा फी वेळेच्या रूपात भरतच असतो. पण ताटावर बसताना त्याला खाली बघावं लागत नाही. माझ्या मते भाऊरावांनी दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती.

स्वातंत्र्यानंतर फीचा प्रश्न बराचसा सरकारने उचलला. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी ई.बी.सी. सवलत आली. घरचं वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेली कितीतरी पोरं त्यावर पदवीधर झाली. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने कमवा व शिका योजना चालते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात मुलं-मुली काही तास काम करतात आणि तासाच्या हिशेबाने मानधन घेतात. त्यातलं बरंचसं मेसमध्ये जातं, हे वेगळं सांगायला नको.

अलीकडची स्वाधार योजना पाहिली तर हिशेब सरळ समोर येतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले. त्यातले २० हजार राहण्यासाठी, ८ हजार इतर निर्वाहासाठी आणि ३२ हजार जेवणासाठी. अर्ध्याहून जास्त रक्कम ताटाची. महिन्याला अडीच-पावणेतीन हजार. पुण्यातल्या कोणत्याही मेसचा फलक वाचा आणि या रकमेत दोन वेळचं बसतं का ते पाहा. शिवाय मेसवाले पैसे महिन्याच्या सुरुवातीला मागतात आणि योजनेचा हप्ता कधी खात्यावर येईल याचा भरवसा नसतो. मधल्या महिन्यांत दोघांत एक डबा घेतला जातो, किंवा मेसच्या काकू वहीत नाव लिहून उधारीवर जेवू घालतात. पुण्यातल्या पेठांमध्ये, संभाजीनगरात, लातुरात अशा वह्या आजही भरतायत.